मर्तिकेमामाचा पाचवा भाग

पुस्तक परत करायला आलेल्या मुलाला मी ते टेबलावर ठेवू द्यायची नाही. त्याच्या हातात असतानाच म्हणायची, "बोल." मग त्या मुलाने पुस्तकाबद्दल काहीतरी बोलायचं. चांगलं, वाईट, कसंही. फक्त 'छान होतं' एवढं चालायचं नाही. बोलून झालं की पुस्तक जमा आणि पुढचं हातात. मत नाही तर पुस्तक नाही. सुरतेत उधन्याच्या आमच्या मराठी वाचनालयात बालविभाग मी सांभाळत होते तोवर हा नियम चालला. मोठ्या माणसांना मी तो लावला नाही, कारण मोठी माणसं न वाचलेल्या पुस्तकाबद्दल जास्त बोलतात.

दिवाळी अंकासाठी वाचनालयाच्या आठवणी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा मी घरच्यांना म्हटलं, पुस्तकांना कव्हरं घालण्याच्या काय आठवणी असणार? पण आमची कव्हरंसुद्धा साधी नव्हती. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फुकट मिळत, त्यांची बांधणी मी स्वतः करायची. लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, धागा मात्र शिवणीला घेतला नाही. एकदा घेऊन पाहिला, तर तो पॉलिएस्टरचा; गाठ धरेना आणि पान करवतीसारखं कापत गेला. शिवणीला सुतीच धागा लागतो, आणि कापडाच्या त्या गावात तो मला दुकानोदुकानी मागत हिंडावा लागे. दुकानदार म्हणायचा, "बेन, कॉटन कोण घेतं आता?" मी म्हणायची, "पुस्तकं घेतात."

आमचे वाचक म्हणजे लूमवर काम करणाऱ्या खानदेशी घरांतली मुलं. शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, घरात अहिराणी, आणि माझ्यासमोर उभं राहिलं की पुस्तकी मराठी बोलायची धडपड. मी सांगायची, घरी बोलतोस तसंच बोल. मग मतं खरी यायची. एक जण राजाराणीची गोष्ट परत करताना म्हणाला, "राजा कामले कधी जास? दिवसभर घरमाच!" एकीने परीकथेवर सांगितलं की परी गरीब मुलीला नवा झगा देते, पण तिच्या मायला काहीच देत नाही. अशा मतांपुढे छापील परीक्षणं फिकी पडावीत.

अशा मुलांसमोर मर्तिकेमामा आला.

कुठलंसं बंद पडलेलं प्रकाशन. त्यांनी उरलेली पुस्तकं पेटीत भरून गावोगावच्या वाचनालयांना वाटून टाकली. आमच्या पेटीत 'मर्तिकेमामा' नावाच्या मालिकेचे सहा भाग निघाले. लेखकाचं नाव मी पुढे कधीच कुठे पाहिलं नाही. मर्तिकेमामा हा कुठल्याशा गावातला मर्तिकाच्या सामानाचा दुकानदार. बांबू, मडकं, पांढरं कापड विकतो. त्याची भाची ठमी दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उंची नुसत्या नजरेने मोजते. प्रत्येक भागात गावातलं एक माणूस मरतं, आणि असं मरतं की हसू आवरत नाही. पहिल्या भागातल्या म्हाताऱ्याला आपल्यामागे लोक काय भाषणं करतील ते ऐकायचं असतं, म्हणून तो जिवंतपणीच तिरडीवर आडवा होतो. भाषणं इतकी लांबतात की शेवटी खरोखरच जातो. दुसऱ्यात एका पहिलवानाला उचकी लागते. उचकी थांबवायला त्याला घाबरवावं लागणार, आणि तो तर कशालाच घाबरत नाही. सारा गाव वाघ बनून, भूत बनून दमतो आणि पहिलवान उचकी देत देत स्वर्गात जातो.

मी पहिला भाग वाचला आणि पुस्तक मिटून बसले. मुलांना द्यावं की नाही? मग स्वतःशीच म्हटलं, ही मुलं मयत पाहत नाहीत का? लूमखात्यात कुणाला शॉक लागतो, कुणी रुळावर जातो, आणि प्रेत नेताना हीच मुलं गल्लीच्या कडेला उभी असतात. त्यांना कुणी काही सांगत नाही, नुसतं 'आत जा' म्हणतात. मी पुस्तक कपाटात लावलं.

आठवड्याभरात त्याच्यासाठी भांडणं सुरू झाली. मतं द्यायलाही रांग. "बाई, तो म्हातारा मरना ते चांगलं व्हयनं, भाषण संपनं!" "बाई, पहिलवानले त्याना बायकोनं भेवाडायले पाहिजे व्हतं." एका मुलीचं मत होतं की मर्तिकेमामा वाईट नाही, कारण तो सगळ्यांच्या घरी जातो, आणि बोलावल्याशिवाय जात नाही.

विरुद्ध मतंही आली. ती आयांची, आज्यांची आणि आप्पांची. आप्पा म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, सुरतेजवळच्या सचिन गावी रसायनाच्या कारखान्यात सुपरवायझर. माणूस सरळ. वाचनालयाचा पंखा, ट्यूबलाइट, मुलांची बक्षिसं, सगळं त्यांच्या खिशातून. पण त्यांचा नातू ठमीसारखा घरातल्या आजारी पणजीला दोरी घेऊन मोजायला गेला. पणजीने विचारलं, "काय रे करतोस?" तो म्हणाला, "बांबू किती लागतील ते बघतोय." पणजीने दोन दिवस अन्न घेतलं नाही. आप्पा तडक माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, मुलांना संस्कार मिळावेत म्हणून वाचनालय काढलं. तुम्ही तिरड्या वाटताय."

"आप्पा, तुम्ही वाचलंत का एखादं?"

"वाचायचं कशाला? वासच येतो."

त्या वेळी मी जिंकले. जिंकले म्हणजे काय, आप्पा दमून घरी गेले आणि पुस्तकं कपाटातच राहिली.

आता संगीताबद्दल सांगते. सहावीतली मुलगी, दोन घट्ट वेण्या, बोलताना एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहायची. तिचे वडील रघुनाथ लूम चालवायचे आणि आई कमलबाई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. संगीता पुस्तक नेई, पण वाचायचं सगळं घर. बाप पाळीवरून आला की त्याला ती वाचून दाखवी. यंत्रांच्या खडखडाटाने तो कानाने कमी झाला होता, म्हणून ती ओरडून वाची. त्यामुळे शेजारच्या दोनतीन खोल्यांनाही मर्तिकेमामा पाठ झाला होता. कमलबाईला अक्षर येत नव्हतं. ती धागे कापता कापता ऐकायची आणि म्हणायची, काय हे अभद्र! पण वाचन थांबलं की तीच म्हणे, मंग पुढं काय व्हयनं?

संगीता मत द्यायला आली की विचारायची, "बाई, बानं मत बी सांगू का?" नियमाने एका पुस्तकाला एक मत. पण रघुनाथचं मत मी ऐकायचीच. तो म्हणाला होता की मर्तिकेमामा त्यांच्या मुकादमासारखा आहे, फक्त मुकादमापेक्षा चांगला, कारण मामा माणूस मेल्यावरच त्याला मोजतो.

पाचवा भाग तिने नेला तेव्हा पावसाळा सरत आला होता. तापीचं पाणी येऊन गेलेलं, गल्लीत गाळ, कोपऱ्यांवर मेलेली जनावरं. त्या भागातला माणूस इतका भांडखोर असतो की तो मेल्यावर खांदा द्यायला गावातलं कुणी येत नाही. मग मामा रस्त्यावरचे अनोळखी लोक जेवणाच्या आमिषाने गोळा करतो, आणि ते वाटभर एकमेकांना विचारत राहतात, हा होता तरी कोण? संगीता पुस्तक घेऊन गेली, आणि चारच दिवसांत गावात प्लेगचं नाव फुटलं.

चौऱ्याण्णव सालच्या त्या दिवसांबद्दल खूप लिहून झालंय, मी भर घालत नाही. माणसं मिळेल त्या गाडीला लोंबकळून गेली. उधन्याहून नंदुरबार-भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरला लोक डब्याच्या टपावर बसले. औषधाच्या दुकानांना कुलपं, लूम बंद. ज्या गल्लीत यंत्रांमुळे आपलंच बोलणं ऐकू यायचं नाही तिथे कावळ्याचे पंख ऐकू यायला लागले. आम्ही बारडोलीला नणंदेकडे गेलो. लोकांनी बिछाने टाकले, भांडी टाकली, पण पोरांनी वाचनालयाची पुस्तकं मात्र दप्तरातून गावी नेली होती. मत दिल्याशिवाय दुसरं मिळत नाही हे त्यांच्या डोक्यात इतकं बसलेलं, की पुढे महिनाभर अमळनेर, पारोळा, धरणगाव असा प्रवास करून पुस्तकं परत येत राहिली. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटला तर काय बिघडलं?

रघुनाथ गेला नाही. जाणार होता. पण ताप आला, आणि तापाचा माणूस गाडीत कुणी घेईना. दवाखान्यात न्यायच्या आतच तो संपला. प्लेग होता की साधा ताप, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी तपासलंही नाही. चाळ रिकामी होती. लूमखात्याचा वॉचमन आणि गावी जाऊ न शकलेला एक ओडिया कामगार, हे दोघे आले. उरलेले दोन खांदे कमलबाईने आणि संगीताने दिले. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, तिरडीला खांदा देणं तर दूरच. गल्लीच्या तोंडापर्यंत असं नेलं, मग पुढे लारीवर, म्हणजे हातगाडीवर.

आणि स्मशानात संगीता हसली.

गालातल्या गालात नाही, खो खो हसली. वॉचमनने पाहिलं, लाकडं देणाऱ्याने पाहिलं, कमलबाईने पाहिलं. दहाव्याला गावाकडून रघुनाथचा मोठा भाऊ, म्हणजे कमलबाईचा जेठ, आला, तेव्हा वॉचमनने त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, बापाच्या सरणापाशी पोर हसते म्हणजे तिला बाहेरचं लागलंय. गावाकडे एक भगत होता. तो असल्या पोरींना मिरच्यांचा धूर देतो, चाबकाने मारतो, हे आम्हा खानदेशातल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. संगीताला त्याच्याकडे न्यायचं ठरलं. आणि खोलीत ते पुस्तक सापडलं, त्यामुळे कारणही सापडलं.

मी बारडोलीहून परत येऊन वाचनालय उघडलं तेव्हा भिंतींच्या कडेने अजून जंतुनाशकाची पांढरी पावडर होती. त्याच आठवड्यात कमलबाई आली. कपाळ मोकळं, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाचवा भाग. मागे संगीता; वेण्या सुटलेल्या, मान खाली. हे सगळं कमलबाईने जिन्यातच उभ्या उभ्या मला सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाई, जेठ म्हने, ह्या पुस्तकले जाळ आन मंग पोरले भगतकडे आन. पन दुसऱ्यानी वस्तू मी परस्पर कशी जाळू? तुमना समोर जाळस."

"आणि संगीता काय म्हणते?" मी विचारलं.

"मी तिनासंगे बोलस नही." कमलबाईने लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या दिवसपाशी एक शबद बोलनू नही."

आप्पा तिथेच होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाई, आता एकच भाग नाही, सगळे जाळायचे. ज्या गावात घरोघर माणूस गेलंय तिथे हे नको." ते चुकीचं बोलत होते असं मला आजही म्हणवत नाही. मी कपाटातून चार भाग काढून दिले. सहावा माझ्या खणात होता, संगीतासाठी राखून ठेवलेला. "झाले सगळे?" आप्पांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

मागच्या अंगणात पत्र्याचं एक पिंप होतं. चार भाग त्यात टाकले, वर रॉकेल. आप्पांनी पाचव्यासाठी हात पुढे केला. कमलबाई देणार, तेवढ्यात मी ते पुस्तक घेऊन संगीताच्या हातात ठेवलं.

"हे अजून जमा झालेलं नाही," मी म्हटलं. "मत झाल्याशिवाय मी जमा करत नाही. आणि जमा न झालेलं पुस्तक मंडळाचं नाही, आप्पा, तुम्हाला जाळता येणार नाही."

"बाई, ही काय वेळ आहे?"

"नियमाला वेळ नसते. बोल, संगीता."

मला काय हवं होतं कोण जाणे. नियमाच्या आडून थोडा वेळ मिळावा, एवढंच असेल. पोरगी बोलेल असं वाटलंच नव्हतं. तिने वर्तमानपत्राचा कागद सोडवला. मग तिने नेहमीसारखा एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला.

"पुस्तकमा चूक शे," ती म्हणाली.

"कोणती?"

"मामा म्हनस, उचला, मरेल मानूस हलका व्हस. खोटं शे. मना बा भलता जड व्हता. ज्यानं लिखं, त्यानं कधी खांदा देयेल नही."

आप्पांच्या हातात काड्यापेटी तशीच होती.

"अजून?" मी विचारलं, "अजून काही?"

"बाकी बराबर शे. आन माले हसू उनं ते पुस्तकमुळे नही."

कमलबाईची मान वळली.

"तठला मानूस कागदवर लिखाले नाव इचारे," संगीता माझ्याकडेच बघत बोलत होती, आईकडे नाही. "माय म्हने, पोरना बाप. तो म्हने, नाम बोलो, नाम. माय परत म्हने, पोरना बाप. माले सांगता येये ना, मना गळाच बसेल व्हता. तो वरडना. मंग मायनी नाव लिधं. रघुनाथ. मोठ्ठ्यानं. बा घरमा कायम म्हने, तुना तोंडतून मनं नाव निंघी ते मी मरानंतरच. आन तसंच व्हयनं. माले वाटनं, आते बा उठी आन म्हनी, पाह्यं, मी सांगेल व्हतं ना? म्हनीसन हसू उनं."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, लपवून. रघुनाथने बायकोला त्यावरून संसारभर छळलं असणार. तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायला तो मागे लागायचा, ती कधी बधली नाही. आणि बधली ती तिथे, लाकडं मोजणाऱ्या परक्या माणसासमोर, ऐकणारा आडवा असताना.

मी कमलबाईकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी होती. रडत असेल असं मला वाटलं. मग खांदे हलायला लागले आणि पदरातून आवाज आला, तो रडण्याचा होता की हसण्याचा ते मला तेव्हाही कळलं नाही.

"म्हने तो," ती म्हणाली. "मेला, कायम म्हने."

आप्पांनी पाचवा भाग संगीताच्या हातून हळूच घेतला आणि पिंपात टाकला. मला वाटलं होतं, आता ते काडी ओढणार नाहीत. त्यांनी ओढली. पुठ्ठे जाड होते, पेट घ्यायला वेळ लागला. सुती धाग्याची माझी शिवण शेवटपर्यंत टिकली, पानं गेली तरी पाठी तशाच राहिल्या. आप्पा धुराने डोळे पुसत होते. मी त्यांना माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. ही मालिका मी पुढे कितीतरी ठिकाणी शोधली, प्रदर्शनांत, रद्दीच्या दुकानांत. कुणी नावही ऐकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरने मायलेकी गावी जाणार होत्या. सुरतेची खोली सोडून, कायमच्याच. निघताना मी कमलबाईला विचारलं, "भगताचं काय?"

"काय करनं भगत? पोरले काहीच व्हयेल नही," ती म्हणाली. "जेठले मी सांगसू."

सांगितलं का, जेठाने ऐकलं का, हे मला कधीच कळलं नाही. दोघींपैकी कुणीच पुन्हा भेटलं नाही. विधवा बाईचं त्या घरात किती चाललं असेल याचा विचार मी अजूनही कधीकधी करते आणि तो विचार काही चांगल्या ठिकाणी जात नाही.

त्या दिवशी आप्पा घरी गेल्यावर मी खणातून सहावा भाग काढला आणि जिन्याच्या पायरीवर बसलेल्या संगीताला दिला. तिने आईकडे पाहिलं. कमलबाईने ते पुस्तक तिच्या हातून घेतलं, उलटसुलट केलं, वरच्या चित्रावरून बोट फिरवलं. मग लेकीला विचारलं:

"यामा कोन मरस?"

"माले माहीत नही," संगीता म्हणाली. "गाडीमा वाचीसन सांगसू."

"मोठ्ठ्यानं वाच," कमलबाई म्हणाली.